दर गुरुवारी

साहेब मस्कतला गेले त्याला चौदा महिने झाले.
जाताना एवढंच म्हणाले, गजभिये,
उभी राहिली तर बॅटरी बसेल,
दर गुरुवारी फिरवून आणत जा.

म्हणून गुरुवारी पहाटे सव्वापाचला
रामदासपेठेच्या तळघरात मी तिचा प्लग काढतो
आणि पंगतीत बसल्यासारखा
जमिनीला टेकून बसतो.
बटण दाबलं की काहीच होत नाही.
म्हणजे गाडी सुरू झाली.

पहिले तीस किलोमीटर ती नुसती विजेवर जाते.
बजाजनगरचा दूधवाला वळून बघत नाही.
फिरायला निघालेलं एक म्हातारं जोडपं
रस्त्याच्या मधोमध औषधांचं बोलत चालतं
आणि त्यांच्या मागे मी,
मागे साडेसहाशे घोडे,
चपला हातात घेतलेले.

लक्ष्मीभुवन चौकाच्या अलीकडे गतिरोधक आहे.
नाक वर उचलायचं एक बटण असतं,
चार सेकंद लागतात.
मागच्या ऑटोवाल्याकडे चार सेकंद नसतात.
'काय बे, सोन्याची हाय का?'
मी काच खाली करतो. 'माही नाही भाऊ.'
'मंग काहून भेतं? चालव ना!'

सिमेंट रोडचे सांधे टायर मोजतात,
तेच माझी पाठ मोजते.
महालात शिरलो तर गल्ली आरशांपेक्षा अरुंद,
मी आरसे मिटून घेतो, आणि पोटही आत.
जानेवारीत बडकस चौकात एक गाय
बॉनेटला अंग लावून उभी राहिली, उबेसाठी.
इंजिन मागे असतं
हे तिला कोण सांगणार.

वर्धा रोडच्या पुलावर
डोक्यावरून मेट्रो जात असताना
बॅटरी संपते,
आणि पाठीशी कुणीतरी जागं होतं.
खाकरत नाही, आळस देत नाही.
आधी मणक्याला कळतं, मग कानाला,
विमानतळाची पाटी वाचेपर्यंत विमानतळ मागे गेलेला असतो.
मी पाय काढून घेतो.
भीतीनं नाही. गाडीच्या पोटात मस्कतचा डोळा आहे,
कुठे गेली, किती पळाली
सगळं त्यांच्या मोबाइलवर दिसतं.

मागच्या गुरुवारी फोन आला.
'कॉटन मार्केटला काय करतोस?'
खोटं सुचलं नाही. 'मेथी घेतो, साहेब.'
बराच वेळ काही नाही.
मग, 'कशी चालते रे?
मी तर तिला दोनशे किलोमीटरही...'
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.
'आवाज ऐकव.'

मागे जाऊन सायलेन्सरशी फोन धरला.
ती विजेवर होती.
'काहीच ऐकू येत नाही.'
मी हात तसाच ठेवला.
हमाल ओरडला, 'बाजू! बाजू!'
कुणी वांग्यांचा क्रेट आपटला.
'वीसले दे ना भाऊ,' एक बाई चिकाटीनं म्हणत होती,
आणि स्टेशनातून एक मालगाडी
घाई नसल्यासारखी भोंगा देत निघाली.
मस्कतहून फक्त श्वास येत होता.
'साहेब, इंजिन सुरू करू?'
'नको,' म्हणाले.
'राहू दे अजून जरा.'

तळघरात प्लग लावला.
हिरवा दिवा लुकलुकायला लागला.
बाबा कोराडीला कोळशाच्या पट्ट्यावर होते बत्तीस वर्षं,
रुमाल काळा, थुंकी काळी.
या हिरव्याकडे बघून ते काय म्हणाले असते
मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

माझी स्प्लेंडर तिसऱ्या किकला लागली.
फाटकाशी आठवलं,
गाडीत मेथीचा वास राहिलाय.
तो मोबाइलवर दिसत नसावा.
दिसला तरी आता
ते काही म्हणणार नाहीत.